दुर्गचा मतदार आणि आम्ही

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मंडळींना लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी एक चमत्कारिक अनुभव येतो. कचेरीला सुट्टी असते, शेजारीपाजारी बोटाला शाई लावून येत असतात, आणि आपले चित्त मात्र भलत्याच मतदारसंघात घुटमळत असते. भिलाई-दुर्ग या जोडशहरातील पद्मनाभपूर वसाहतीत आम्ही गेली काही वर्षे राहात आहोत. ७ मे २०२४ रोजी येथील मतदान झाले. त्याच दिवशी सातारा, सांगली आणि कोल्हापूर येथेही मतदान होते. २०१९ सालीही नेमके तसेच घडले होते. २३ एप्रिल हा एकच दिवस दुर्गच्या आणि साताऱ्याच्या वाट्याला आला होता. तेव्हा आमचे नाव सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या यादीत होते आणि देह हजार किलोमीटरांहून दूर, दुर्गात. एका दिवसाच्या सुट्टीत हे अंतर कापून परत येणे कोणालाच साधले नसते. मत वाया गेले.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस सामान्यतः जेथे राहतो तेथील यादीत त्याचे नाव असावे, आणि एकाहून अधिक मतदारसंघांत ते असू नये. सैन्यातील जवानांस आणि परदेशी नेमलेल्या सरकारी नोकरांस गावाकडच्या यादीत राहून मत देण्याची सवलत आहे. देशातल्या देशात बदली झालेल्या कारकुनास ती नाही. सरकारच्या लेखी दुर्ग हा परदेश नव्हे! तेव्हा नाव इकडे आणावयाचे आम्ही ठरविले, आणि घरी कुरबुर सुरू झाली. तीर्थरूप म्हणाले, "रेशनकार्डावरचे नाव गेले, आता मतदारयादीतलेही काढतोस. मग गावात तुझे राहिले काय?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही. ज्या मुलखात आता मत द्यावयाचे त्या मुलखाने आजवर कोणाला मत दिले, हे तरी पाहावे म्हणून दुर्गच्या निवडणुकांचा मागोवा घेतला.

येथील मराठी मंडळींच्या बैठकीत राजकारणाचा विषय निघाला की कोणी ना कोणी दोन नावे अभिमानाने सांगतोच. १९५२ साली दुर्गहून पहिल्या लोकसभेवर वासुदेव किरोलीकर निवडून गेले आणि १९६७ साली विश्वनाथ यादव तामस्कर. दोन्ही आडनावे आपली. मग बैठकीतील एखादे वडीलधारे गृहस्थ थेट भोसल्यांपर्यंत जातात. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला, तेथील टेकडीवर रामाचे मंदिर बांधले. तेव्हापासून हा मुलूख आपल्याला मानतो, असा त्यांचा सिद्धान्त असतो. आम्हीही काही दिवस तो मानला. नागपूरपासून रेल्वेने अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांवर येऊन पडलेल्या माणसाला तो मानणे सुखाचेच असते.

परंतु साले जुळवून पाहू लागलो तेव्हा हा सिद्धान्त टिकेना. १९५२ साली दुर्ग (सरकारी कागदांत तेव्हा 'द्रुग') जुन्या मध्यप्रदेशात होते, राजधानी नागपूर होती आणि मराठी व हिंदी या दोन्ही राज्यभाषा होत्या. तेव्हा किरोलीकरांची निवड नागपूरच्या वजनाने झाली असे कोणी म्हटल्यास ते क्षणभर खरे वाटेल. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, दुर्गची राजधानी भोपाळ झाली, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी तामस्कर निवडून आले. नागपूरचे वजन तोवर कोठे उरले होते? शिवाय ते वजन अनुकूलच होते असेही नव्हे. १९३७ साली नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मध्यप्रांताचे मुख्य मंत्री झाले आणि वर्षभरातच पायउतार होऊन त्यांच्या जागी रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल आले. त्या प्रकरणात महाकोशल आणि मराठी जिल्हे यांच्यातील तेढीची धग होती, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. पुढाऱ्यांत एवढी तेढ, आणि चौदा वर्षांनी दुर्गचा मतदार किरोलीकरांस दिल्लीला पाठवितो!

याचा उलगडा आम्हांस आडनावात नव्हे, पेटीवर मिळाला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते तीन कोटींच्या आसपास. जमीन, कर किंवा शिक्षण असलेले. १९५१-५२ च्या निवडणुकीत ते सतरा कोटींच्या वर गेले, आणि त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी ठेविली आणि तिच्यावर चिन्ह लाविले. मतपत्रिकेवर काही खूण करावयाची नव्हती. आडोशामागे जाऊन ती हव्या त्या पेटीत सोडली की काम झाले. समाजवाद्यांचे वडाचे झाड, जनसंघाची पणती, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी आणि काँग्रेसची जूं घेतलेली बैलजोडी. दुर्ग हा धानाचा मुलूख. आपल्या पोळ्यासारखा येथे 'पोरा' हा सण असतो, त्या दिवशी मुलांच्या हाती मातीचे बैल देतात. अशा माणसांस बैलजोडीची ओळख करून द्यावी लागली असेल काय? किरोलीकर आणि तामस्कर हे दोघेही काँग्रेसचे उमेदवार होते. १९५७ आणि १९६२ साली निवडून आलेले मोहनलाल बाकलीवालही काँग्रेसचेच. बाकलीवालांच्या आडनावाने कोणी मारवाड्यांच्या पराक्रमाचा सिद्धान्त मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मतदाराने गांधी-नेहरूंच्या बैलांना मत दिले, आणि बैल हाकणारा कोण याची चौकशी फारशी केली नाही. आमचा अभिमान थोडा उतरला खरा.

तथापि या गोष्टीस दुसरी बाजूही आहे. आडनाव आड आले नाही, हेही काही थोडे नव्हे. मराठी घरातले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले; वामनराव लाखे त्यांच्या जोडीला होते. पुढे सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. अशा घरांना येथे कोणी 'तुमचे गाव कोणते?' असे विचारीत नसावे. आम्हांस मात्र दर चार दिवसांनी विचारतात, आणि आम्ही सातारा म्हणतो. हा फरक भोसल्यांनी केलेला नाही, आम्हीच केलेला आहे.

पेट्यांची पद्धत फार काळ चालली नाही. कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता खिशातून बाहेर आणून विकता येते, हे चतुर लोकांच्या लवकरच ध्यानात आले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत एकच पेटी आणि मतपत्रिकेवर शिक्का ही रीत रूढ झाली. तोवर येथे पोलाद कारखानाही उभा राहिला होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीमागोमाग केरळ, बंगाल, पंजाब, आंध्र येथली माणसे आली आणि मतदारयादीत नाना प्रांतांची नावे शेजारी शेजारी बसली.

आमच्या शेजारी या कारखान्यातून निवृत्त झालेले एक छत्तीसगढी गृहस्थ राहतात. १९७७ साली त्यांनी पहिले मत दिले. त्या निवडणुकीचे ते नेहमी एकच वर्णन करतात: रांग लांबलचक होती आणि कोणी बोलत नव्हते. एरवी मतदानाच्या दिवशी पाऊसपाणी, लग्नकार्य, उमेदवाराची सोयरीक असे सारे विषय चघळले जातात. त्या दिवशी माणसे जमिनीकडे पाहात उभी होती. घरीसुद्धा बापाने मुलाला विचारले नाही, मुलाने बापाला सांगितले नाही. दुर्गहून जनता पक्षाचे मोहन जैन निवडून आले. गाय-वासरू हरले, चक्रातला नांगरधारी शेतकरी जिंकला. निकाल लागल्यावर जेवताना कळले की घरातल्या तिघांनीही एकाच चिन्हावर शिक्का मारला होता. "आई सर्वांत आधी हसली," असे ते सांगतात.

यावरून १९५२ सालची एक गोष्ट आठवते. त्या वेळी मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळावी लागली होती, कारण त्या स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगत. परवाच्या रांगेत आमच्या पुढे पाच-सहा बायका होत्या. दारापाशी प्रत्येकीने आपले नाव असे खणखणीत सांगितले की आतल्या कर्मचाऱ्यास दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही.

सात मेचे ऊन म्हणजे छत्तीसगढचे ऊन. सकाळी सातला दार उघडले तेव्हा रांग सावलीत होती. साडेआठला सावली भिंतीपाशी गेली आणि रांग तिच्यामागे वाकडी झाली. केंद्राभोवती शंभर मीटरांच्या आत प्रचारास बंदी असते, पण गप्पांना कायद्याने बंदी घातलेली नाही. धानाचा क्विंटलला ३१०० रुपये भाव, विवाहित स्त्रियांना मार्चपासून मिळू लागलेले महिना हजार रुपये, दुसऱ्या बाजूने वर्षाला लाख देण्याचे वचन, कारखान्यातली ठेकेदारीची कामे, शिकून घरी बसलेला मुलगा. हे सारे अर्ध्या तासात ऐकले. कोणी कोणाला 'तू कोणाला देणार' असे सरळ विचारले की उत्तर एकच येई: "देखबो." म्हणजे पाहू. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी हा शब्द असा उच्चारी की विचारणाऱ्याने पुन्हा तोंड उघडू नये. मतदान गुप्त राखण्याची कलमे कायद्यात पुष्कळ आहेत. दुर्गात हा एक शब्द ते काम करतो असे आमचे मत झाले.

आम्ही स्वतः गप्प होतो. केंद्र सरकारच्या नोकरांचे १९६४ चे वर्तणुकीचे नियम आहेत. त्यांतील पाचव्या नियमान्वये आम्हांस मत देता येते, पण ते कोणाला देणार वा दिले याची सूचनाही करता येत नाही. म्हणून या लेखातही परवाच्या निवडणुकीतल्या पक्षांची नावे आम्ही घेतलेली नाहीत. संपादकांस आणि आमच्या वरिष्ठांस त्यात काही आक्षेपार्ह वाटू नये. रोज आमच्याकडे भाजी आणणारी बाई मागे उभी होती. तिने विचारलेच, "तुमन कोन ला देहू?" नियम क्रमांक पाच तिला कसा समजावून सांगावा, हे सुचेना. आम्ही म्हणालो, "देखबो." ती आणि तिच्या मागची दोघे मोठ्याने हसली, आणि मागून कोणीतरी आम्हांस सावलीत सरकण्यास जागा करून दिली.

संध्याकाळी गावी फोन केला. तीर्थरूपांनी सकाळीच शाळेत जाऊन मत दिले होते. यादीत आमच्या नावाची जागा आता चुलतभावाच्या मुलाने घेतली आहे, त्याचे पहिलेच मत, असे ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तिथे मिळाले का मत द्यायला?" मिळाले म्हणालो. कोणाला, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीच विचारले, "तुम्ही कोणाला दिलेत, बाबा?"

"बघू," ते म्हणाले, "चार जूनला."