भायखळ्याचा तुरुंग, उंधेरा गाव आणि परळचे पिंजरे

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी विभागात ताप आणि जांघेत वा काखेत गाठ अशा लक्षणांनी माणसे पटापट मरू लागली, आणि मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग होय असे निर्भयपणे सांगितले. तेव्हापासूनच्या दशकाचा इतिहास घरझडत्या, क्वारंटीन, पुण्यातील प्लेग-अधिकारी रँडसाहेबाचा जाच आणि ओस पडलेली गावे यांच्या अनुरोधाने सांगितला जातो, व रयतेने जे सोसले ते पाहता तो तसा सांगितला जाणे उचितच आहे. परंतु त्याच वर्षांत, त्याच मुंबईत, आणखी एक कार्य चालू होते, आणि त्याचे महत्त्व मला त्याहून तिळमात्र कमी वाटत नाही: सजीवांवर केलेल्या प्रयोगांतून हाती आलेले आकडे कोणता निष्कर्ष पेलू शकतात आणि कोणता पेलू शकत नाहीत, याचा शोध तेथे एकेक शंका दूर करीत घेतला जात होता.

ऑक्टोबरात मुंबईस आलेले वाल्डेमार हाफकिन हे जन्माने ओडेसाचे, शिक्षणोत्तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, आणि बंगालमध्ये पटकीची लस टोचून अनुभव घेतलेले शास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने त्यांनी प्लेगाचे जंतू वाढविले, ते उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. या धैर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मात्र त्या दिवशी सिद्ध झाले ते एवढेच, की ही लस घेतलेला एक मनुष्य जिवंत राहिला. ती प्लेगापासून रक्षण करते की नाही, या प्रश्नास त्या प्रयोगाचा स्पर्शही झाला नव्हता, आणि हे हाफकिन स्वतः पूर्णपणे जाणून होते.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची संधी त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात आली. तेथे प्लेग शिरला होता, आणि ३० जानेवारीस खुशीने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचण्यात आली, तर सुमारे पावणेदोनशे कैदी तसेच राहिले. तुरुंग ही जागा अशा तुलनेस विलक्षण अनुकूल होती: अन्न एक, बराकी एक, कामाच्या वेळा एक, आणि अंमलदारांच्या दप्तरी प्रत्येक माणसाची रोजची नोंद. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ मरण पावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले व दोघेही वाचले. टोचणीच्या दिवशीच ज्यांना गाठ दिसून आली ते या हिशेबात धरलेले नाहीत, कारण त्यांच्या शरीरात रोग आधीच शिरलेला होता. आणि असे वगळणे न्याय्य ठरते ते तोच नियम दोन्ही बाजूंस सारखा लावला तरच.

तरीही एक शंका उरत होती, आणि ती क्षुल्लक नव्हती. जो कैदी आपण होऊन हात पुढे करतो तो कदाचित अधिक सशक्त असेल, अधिक सावध असेल. मग जो बचाव झाला तो लसीने की त्या माणसाच्या मूळच्या प्रकृतीने, हे कोणी सांगावे? पुढील वर्षाच्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एक सोडून एक अशी टोचणी झाली, म्हणजे निवड माणसाच्या इच्छेवर न राहता त्याच्या बसण्याच्या जागेवर गेली. तेथे न टोचलेल्यांत १० आजारी व ६ मृत, टोचलेल्यांत ३ आजारी आणि मृत्यू एकही नाही.

१८९८ च्या फेब्रुवारीत गायकवाडी मुलखातील उंधेरा या गावी हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी ही पद्धत तुरुंगाबाहेर नेली. गावातील कुटुंबाकुटुंबात जाऊन, वय, स्त्रीपुरुषभेद आणि प्रकृती ही शक्य तितकी सारखी ठेवून, प्रत्येक घरातील अर्ध्या माणसांना त्यांनी लस दिली. एकाच छपराखाली राहणारी, त्याच जमिनीवर निजणारी माणसे अशा रीतीने एकमेकांच्या तुलनेस आली. ज्या २८ घरांत पुढे प्लेग शिरला, त्यांत न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. या आकड्यांत मला सर्वात विश्वसनीय वाटतो तो मृत्यूंचा आकडा. लस टोचल्यावर अंगात ताप भरतो आणि दंड सुजतो, त्यामुळे सौम्य आजारास प्लेग म्हणावे की टोचणीचा परिणाम, हे पाहणाऱ्याच्या कलावर अवलंबून राहू शकते. मृत्यूच्या बाबतीत असा संशय घेण्यास जागा फार थोडी. सरकारने नेमलेल्या फ्रेझर यांच्या प्लेग कमिशननेही आकड्यांची कडक छाननी करून शेवटी मान्य केले, की टोचणीने रोगाचा धोका पुष्कळ कमी होतो, पण तो सर्वथा टळत नाही.

लसीचा प्रश्न असा एका मार्गाला लागला, तरी रोग पसरतो कसा हे गूढच होते. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडावे, हे खेडुतांनी केव्हाच ओळखले होते. परंतु उंदीर आधी मरतात आणि माणसे मागून मरतात एवढ्यावरून उंदरापासून माणसास रोग होतो असे ठरत नाही, कारण दोघांनाही तिसऱ्याच एखाद्या गोष्टीपासून तो होत असणे संभवनीय असते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवांच्या द्वारे एका उंदराचा प्लेग दुसऱ्यास होतो असे दाखविले, पण विद्वानांनी ते बराच काळ मनावर घेतले नाही. पुढे १९०३ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेतील गिनीपिग प्लेगने मेले, आणि त्यांच्या अंगावर ग्लेन लिस्टन यांना उंदरांच्या पिसवा आढळल्या.

१९०५ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील, हाफकिन यांनी सुरू केलेल्या प्रयोगशाळेत, जी १८९९ मध्ये तेथे हलविण्यात आली होती, या प्रश्नाचा जो तपास झाला, तो मी आपल्या देशात झालेल्या शास्त्रीय कामांपैकी अत्यंत सुंदर कामांत गणतो. मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत प्लेगग्रस्त प्राण्यांच्या पिसवा सोडल्या आणि गिनीपिगांचे पिंजरे निरनिराळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या प्राण्यास प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेल्यास झाला नाही. हवा दोघांनाही तीच होती. भेद होता तो एवढाच, की पिसू चारएक इंचांहून उंच उडी घेत नाही. तरी कोणी म्हणेल, की जमिनीजवळची हवाच दूषित असेल. म्हणून पिंजरा जमिनीवरच ठेवून त्याच्या सभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला: हवेस मार्ग मोकळा, पिसवेस बंद, आणि प्राणी वाचला. उलट बाजूनेही पाहिले. पिसवा नसलेल्या जागी रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, मलमूत्राचा संसर्ग होऊ दिला, रोगी आईच्या अंगावर पिले पिऊ दिली. रोग पसरला नाही. दोन्ही दिशांनी मिळालेला हा पुरावा माझ्या मते त्या कामाचा कणा आहे, कारण पिसू असता रोग होतो एवढेच दाखविले असते, तर पिसू नसताही तो होत असेल ही पळवाट मोकळीच राहिली असती.

यानंतर १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर व पटकी यांच्या टोचणीचे आकडे तपासताना अटी स्पष्ट शब्दांत मांडल्या: दोन्ही गट सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असावेत, रोगाशी त्यांचा संबंध सारखाच यावा, आणि टोचले गेले की नाही व रोग झाला की नाही, हे दोन निर्णय एकमेकांपासून स्वतंत्रपणे केलेले असावेत. उंधेऱ्याच्या घराघरांतून यांपैकी पहिल्या दोन अटी पुष्कळ अंशी आधीच पाळल्या गेल्या होत्या.

परळचा निष्कर्ष होता तो मुंबईत दिसणाऱ्या गाठीच्या प्लेगापुरता. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग उसळला, तो खोकल्यातून माणसापासून माणसास होत होता, आणि तेथे डॉ. वू लिएन-तेह यांनी लोकांच्या नाकातोंडावर कापडी पट्ट्या बांधविल्या. पिसवेवरील परळच्या निष्कर्षाला त्यामुळे बाध आला नाही. तो ज्या रोगरूपाविषयी काढलेला होता, त्याविषयी तो खराच राहिला.