मुळेचे मासे आणि त्यांची नावे



इतिहास म्हटला की आपल्या पुण्याच्या श्रोत्यांना गड आठवतात, तह आठवतात, पेशवे दप्तर आठवते. माशांनाही इतिहास असतो आणि तो ऐकण्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ खर्च करावी, असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. आमचा त्यास इलाज नाही. या इतिहासात एक लष्करी अंमलदार आहे, एक धरण आहे, एक सत्याग्रह आहे, आणि एका चुकलेल्या नावापायी दूरच्या नदीत घडलेला अनर्थही आहे. शिवाय त्याचा आरंभ आपल्या दाराशीच होतो.

मुळशी तालुक्यात भरे नावाचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस मुळशीचे धरण, पूर्वेस पुणे शहर, आणि गाव वसलेले मुळेच्या खोऱ्यात. ही मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेला व भीमा कृष्णेला. म्हणजे भऱ्याच्या ओढ्यात सापडणारा मासा हा कृष्णेच्या मोठ्या कुटुंबातला एक नातलग होय.

या कुटुंबाची पहिली शास्त्रीय शिरगणती विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या अंमलदाराने केली. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने 1824 मध्ये साइक्सला दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, पिके, भाव, हवामान अशी माहिती गोळा करणे हे त्याचे सरकारी काम. पण गडी हौशी. पक्षी, पशू, मासे, जे दिसेल ते तो टिपून ठेवी. पुढे विलायतेस परतल्यावर त्याने दख्खनच्या माशांवर लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे निबंध वाचला. त्याचा सारांश 1839 मध्ये व सचित्र विस्तार 1841 मध्ये छापून निघाला. चाळीसहून अधिक जाती त्यात होत्या आणि त्यांतल्या बहुतेक शास्त्राला नव्या होत्या.

आता मौज पाहा. नव्या जातीला नाव देताना त्या काळचे विद्वान ग्रीक-लॅटिन कोश उघडीत, नाही तर एखाद्या थोर मित्राचे नाव माशाच्या गळ्यात बांधीत. साइक्सनेही काही ठिकाणी तसे केलेच. पण पुष्कळ जातींना त्याने येथल्याच बोलीतली नावे दिली. शिंगाळा, शिंगटी, मल्या, नुकटा, कोळस, मसळा, खुद्री! रोमन लिपीत ही नावे थोडी वेडीवाकडी झाली. मुळा-मुठेचेसुद्धा त्याने 'मोटा मोला' केले आहे. तरी ती टिकली. आज जपानातला किंवा ब्राझीलमधला मत्स्यशास्त्रज्ञ खडकाला चिकटून राहणाऱ्या एका लहान माशाविषयी लिहू लागला की त्याला 'गारा मुल्या' असे लिहावेच लागते. मराठी शब्द जगभर गेले, याचा अभिमान आपण पुष्कळ ठिकाणी बाळगतो. या ठिकाणी मात्र कोणी बाळगल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

विचारल्याशिवाय नाव कळत नाही. ही नावे साइक्सला कोणा पंडिताने सांगितली असतील, हे संभवत नाही. संस्कृतज्ञ पंडिताला मत्स्यावतार ठाऊक, मल्या आणि मुऱ्या यांतला भेद त्याला काय माहीत? तो भेद जाळे टाकणाऱ्या कोळ्या-भोयांनाच ठाऊक. कोणता मासा धारेत राहतो, कोणता डोहात, कोणता पहिल्या पुराबरोबर वर चढतो, हे ज्ञान त्यांच्या पोटाशी बांधलेले होते. शास्त्राच्या इतिहासात ही माणसे निनावीच राहिली.

असेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडले आहे. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या समुद्रात रक्त नसलेला मासा असतो, असे नॉर्वेचे देवमासे मारणारे खलाशी सांगत. योहान रूड या तरुण संशोधकाला 1929 च्या सफरीत ही गोष्ट ऐकून गंमत वाटली, विश्वास बसला नाही. पुढे तो स्वतः दक्षिण जॉर्जिया बेटावर गेला, ते मासे तपासले आणि 1954 मध्ये त्याने जाहीर केले की खलाशी खरे बोलत होते. त्या माशांच्या रक्तात तांबडा पदार्थच नाही; अतिथंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, त्यावर त्यांचे भागते. मात्र त्याच बेटाच्या आसपास 1969-70 च्या हंगामात रशियन जहाजांनी एका दुसऱ्या जातीचे सुमारे चार लाख टन मासे उपसले आणि दोन हंगामांत तो साठा बसला. तो मासा किती वर्षांनी अंडी घालतो, खातो काय, वाढतो किती, याचा हिशेब पुरता लागण्यापूर्वीच जाळी पडली होती. त्या समुद्रातील जीवांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1980 मध्ये झाला व 1982 पासून अमलात आला.

आपल्या नदीत इतकी मोठी जाळी कधी पडली नाहीत. आपल्याकडे पडली ती भिंत.

मुळशीचा सत्याग्रह 1921 ते 1924 या काळात झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी मावळ्यांच्या जमिनींसाठी दिलेला तो लढा येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. बुडालेली गावे, बुडालेली भातखाचरे यांचा हिशेब इतिहासाने थोडाफार ठेवला आहे. पण टाटा कंपनीच्या त्या धरणाने आणखी एक गोष्ट केली. पूर्वेस वाहणारे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिरा येथील वीजघराकडे उतरवले. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा मोठा वाटा भऱ्याच्या बाजूला येण्याऐवजी अरबी समुद्राकडे जाऊ लागला. माणसांनी निदान सत्याग्रह तरी केला. खुद्रीला तोही करता येईना.

खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर, मोठमोठ्या खवल्यांचा, देखणा आणि ताकदवान. साइक्सने त्याचे वर्णन पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून केले. म्हणून शास्त्राच्या दृष्टीने या जातीचे माहेर आपली नदीच. त्याच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. शेवाळ, किडे, शिंपल्या, लहान मासे, काठच्या झाडाचे पाण्यात पडलेले फळ, त्याला काही वर्ज्य नाही. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढून जातो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात, खडीगोट्यांच्या तळावर अंडी घालतो. वाटेत भिंत आली आणि खाली शहराचे सांडपाणी आले की त्याचा संसार संपला. इंद्रायणीकाठी देहूस देवाचे म्हणून त्याला कोणी मारीत नसत. तेथे तो माणसाळल्यासारखा राही. भक्तीने जेवढे राखले तेवढे अन्यत्र कायद्यानेही राखले नाही.

पुण्याच्या माशांच्या याद्या पुढे वेळोवेळी झाल्या. फ्रेझर यांनी 1942 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात एक यादी दिली, सूटर यांनी 1944 मध्ये तीत भर घातली, टोणपी आणि मुल्हेरकर यांनी 1963 मध्ये पुन्हा पाहणी केली, वाघ आणि घाटे यांची यादी 2003 मध्ये आली. या याद्या एकीखाली एक ठेवून वाचणे म्हणजे एखाद्या जुन्या वाड्याची भाडेपावती-वही चाळणे आहे. काही जुनी बिऱ्हाडे नाहीशी झालेली दिसतात आणि चिलापीसारखी परदेशी बिऱ्हाडे ऐसपैस बसलेली दिसतात.

महाशीराच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. ज्या कंपनीच्या धरणांनी नद्या अडवल्या, तिनेच 1970 च्या सुमारास लोणावळ्यास वळवणच्या तलावाकाठी महाशीराची पैदास सुरू केली. मत्स्यव्यवसाय खात्यात हयात घालवलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्रीची वीण, अंडी आणि पिलांची वाढ यांवर 1971 मध्ये मूलभूत निबंध लिहिला. माशाची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर पाठवता येतात, हे त्यांनी व त्यांचे सहकारी ओगले यांनी दाखवले. पाण्याचे ओझे वाचले! लाखो पिले निरनिराळ्या राज्यांत गेली. हे काम आम्ही मोठे मानतो, आणि पुढे जे झाले त्याचा सारा दोष त्यावर ठेवणे आम्हास अन्यायाचे वाटते.

झाले ते असे. कावेरीत पाठीवर कुबड असलेला एक महाशीर असतो. त्याचा एक मासा 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागला. तो 120 पौंडांचा भरला. या माशाला शास्त्रीय नाव कोणते? साइक्सने 'मसळा' म्हणून जो मासा वर्णिला होता, तो महाशीरच होय, असा निर्णय थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1943 मध्ये दिला. होरांच्या शब्दाला वजन होते. पुढे तेच नाव कावेरीच्या कुबडवाल्यालाही चिकटले. साइक्सचे मूळ नमुने हाती असते तर एका दुपारी निकाल लागला असता. पण ते कोठे राखलेले नाहीत. वर्णन, चित्र आणि कोळ्यांच्या तोंडचे नाव एवढाच पुरावा उरला. अखेर संशोधकांनी दाखवून दिले की मसळा हा महाशीर नव्हेच. तो वेगळ्या वंशातला मासा आहे.

तोपर्यंत कावेरीतल्या माशाला स्वतःचे नावच नव्हते, आणि नाव नाही म्हणून धोक्यात आलेल्या जीवांच्या यादीत जागाही नव्हती. त्याच काळात आपली खुद्री महाशीराचे रक्षण म्हणून कावेरीत सोडली जात होती. महाशीर म्हणजे महाशीर, असा सरधोपट हिशेब! गळाने मासे धरणाऱ्यांच्या छावण्यांतील 1998 ते 2012 या वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा खुद्रीची संख्या वाढत गेलेली आणि कुबडवाल्याची घटत गेलेली दिसली. पुढे 2018 मध्ये भारतीय व परदेशी संशोधकांच्या एका गटाने, ज्यात पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते, सिद्ध केले की कुबडवाला म्हणजे केरळातील पांबार नदीतून अगोदरच वर्णिलेली 'टॉर रेमादेवी' ही जात. नाव मिळताच त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त ठरली. उलट खुद्री, जी पूर्वी संकटग्रस्तांत गणली जाई, ती आता त्या यादीतून उतरली आहे.

आमच्या मते येथे कोणाला आरोपी करून भागणार नाही. साइक्सने नावे विचारली, हे त्याचे मोठेपण. नमुने राखले नाहीत, हे त्याचे उणे. पैदास करणाऱ्यांनी पिले जगवली. ती कोठे सोडावी हे ठरवण्यास लागणारे ज्ञान त्या वेळी कोणाच्याच गाठीस नव्हते. पण एक काम अजून करता येण्याजोगे आहे. मुळेच्या खोऱ्यात, भऱ्याच्या आसपास, पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की मासे धरणारी म्हातारी माणसे आजही आहेत. मल्या कोणता, मुऱ्या कोणता, पूर्वी कोणता यायचा आणि आता येत नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. साइक्सने विचारले त्याला जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. पुन्हा एकदा वही घेऊन कोणी जावे, आणि या खेपेस सांगणाऱ्याचे नावही लिहून घ्यावे.