रुआईवरचा इतिहास

बोर्निओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सारावाक हा प्रदेश आहे. १९६३ पासून तो मलेशियात आहे. तिथल्या लुपार, सारिबास, रेजांग या नद्यांच्या काठी इबान लोक राहतात. अरण्यात नदी हाच राजमार्ग. परका माणूस आला तो पाण्यावरूनच. कधी मित्र होऊन, तर कधी तोफा घेऊन.

इबानांचे लांबघर म्हणजे खांबांवर उभे असलेले अख्खे गाव. एकाच छपराखाली प्रत्येक कुटुंबाचे वेगळे बिऱ्हाड, ते बिलिक. सर्व बिऱ्हाडांपुढून जाणारी सामाईक ओसरी, ती रुआई. आणि तिच्यापुढे धान्य वाळवण्याचा उघडा माच, तो तांजू. पाहुण्याला रुआईवर चटई अंथरतात, तांदळाची तुआक ही दारू देतात आणि मग निवांत विचारपूस होते. इबान तरुणांतही ‘बजालाई’ची, म्हणजे नशीब अजमावायला दूरदेशी जाण्याची, जुनी रीत आहे. जो स्वतः परक्याच्या दारी उतरतो, त्याला पाहुण्याची किंमत कळते. आजही शिडाच्या बोटीने जगभर फिरणारे प्रवासी रेजांग नदीत शिरतात आणि या ओसरीवर बसून येतात.

१८३९ साली असेच एक शिडाचे जहाज कुचिंगला लागले. नाव ‘रॉयलिस्ट’, मालक जेम्स ब्रूक. हा इंग्रज बनारसचा जन्मलेला आणि कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरी केलेला. ब्रुनेईच्या सुलतानाच्या प्रतिनिधीला बंड मोडण्यात त्याने मदत केली आणि १८४१ मध्ये तो तिथला कारभारी राजा झाला. त्याच्या घराण्याने पुढे शंभर वर्षे राज्य केले.

सारिबास आणि स्क्रांग नद्यांवरच्या इबानांना ब्रूकने चाचे ठरवले. ते किनाऱ्यावर धाडी घालत, मुंडकी नेत, हे खरे. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु ३१ जुलै १८४९ च्या रात्री बेतिंग मारू येथे जे घडले, त्याला लढाई म्हणताना माझी लेखणी अडते. धाडीवरून परतणाऱ्या होड्यांना इंग्रजी आरमाराने गाठले. ‘नेमेसिस’ या कंपनीच्या आगबोटीची चाके लाकडी होड्यांवरून फिरली. शेकडो माणसे मेली. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात ठार केलेल्या किंवा पकडलेल्या चाच्यामागे २० पौंड आणि निसटलेल्यामागे ५ पौंड बक्षीस होते. या एका रात्रीचे बक्षीस झाले २०,७०० पौंड! ‘चाचा’ या शब्दाला असा रोख भाव होता. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये यावर गदारोळ झाला, १८५० मध्ये तो कायदा गेला आणि १८५४ मध्ये सिंगापुरात ब्रूकची चौकशीही झाली.

सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांच्या कागदांनी चाचाच म्हटले होते. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. कान्होजींमागे मराठी राज्य होते, त्याची दप्तरे होती. इबानांकडे राज्य नव्हते आणि लिहिलेला कागदही नव्हता.

मग त्यांची बाजू टिकली कशी? ती टिकली रुआईवर. इबानांच्या वंशावळी, ‘तुसुत’, पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आल्या. कोणता पूर्वज कोणत्या नदीवर आला, कोणाशी लढला, कोणाशी सोयरीक केली, सारे त्यांत असते. बेनेडिक्ट सँडिन या इबान विद्वानाने त्या गोळा केल्या आणि १९६७ मध्ये गोऱ्या राजांच्या आधीचा इबान इतिहास इंग्रजीत छापला. त्याआधी १९४९ ते १९५१ या काळात डेरेक फ्रीमन हा अभ्यासक बाले नदीकाठच्या इबानांत राहिला. त्याने बिलिकचा संसार आणि शेतीचा हिशेब बारकाईने टिपला.

पाहुणे सारे नदीनेच आले. त्यांतला एक शिक्का मारून गेला, दुसरा चटईवर बसून ऐकत राहिला. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात एकाच घटनेच्या दोन हकिकती नेहमी ऐकू येतात. सरकारी कागद त्यांतली एकच जपतो. दुसरी ऐकायला कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसावे लागते.