छत्राखालचा संवाद

इसवी सन १५७५ मध्ये अकबर बादशहाने फत्तेपूर शिक्री येथे 'इबादतखाना' नावाची वास्तू उभारली व तेथे रात्री धर्मचर्चा चालू केली. प्रथम तेथे केवळ मुसलमान विद्वानांनाच प्रवेश होता. परंतु त्यांच्या आपसांतील कलहाने बादशहाचे मन विटले, आणि पुढे पंडित, जैन व पारशी यांच्यासाठीही त्या वास्तूचे दार उघडले. १५७९ मध्ये त्याने गोव्यास दूत पाठवून ख्रिस्ती धर्मगुरूंना पाचारण केले. त्यानुसार रुदोल्फ अक्वाविवा हे इटालियन जेझुइट पाद्री दोघा सहकाऱ्यांसह १५८० च्या फेब्रुवारीत शिक्रीस पोहोचले.

मठाच्या स्मरणिकेत या दूरच्या दरबाराची कथा कशासाठी, असे भाविक वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. कारण इतकेच की, या कथेचा शेवट आपल्या गोमंतकात, साष्टी प्रांतातील कुंकळ्ळी गावी झाला. आणि धर्माधर्मांतील सलोखा कशाने जुळतो व कशाने तुटतो, याचा जो धडा त्या शेवटातून मिळतो, तो आजही जुना झालेला नाही.

शिक्रीच्या सभेत बादशहाने पाहुण्यांचा सन्मान उत्तम राखला. तथापि, सभेपुढील प्रश्नच असा होता की, कोणाचे शास्त्र खरे? जेथे एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय, तेथे ऐकून घेण्याची बुद्धी टिकत नाही. वाद इतका विकोपास गेला की, आपापले ग्रंथ हाती घेऊन अग्निदिव्य करावे, अशीही सूचना पुढे आली. अक्वाविवांनी ती नाकारली. उलट १५८२ मध्ये त्याच दरबारात पंडित आणि मौलवी शेजारी बसून महाभारताचे फारशी भाषांतर करू लागले. दुसऱ्याचा ग्रंथ आपल्या भाषेत आणावयाचा, तर आधी तो समजून घ्यावा लागतो. म्हणून वादसभा विरली, पण 'रज्मनामा' राहिला.

१५८३ मध्ये अक्वाविवा गोव्यास परतले व साष्टीतील मिशनचे प्रमुख झाले. साष्टीची स्थिती तेव्हा अत्यंत क्षुब्ध होती. १५६७ मध्ये या प्रांतातील देवळांचा मोठ्या प्रमाणावर विध्वंस झाला होता. कुंकळ्ळीच्या गावकरांनी मात्र नवी सत्ता व नवा धर्म यांपुढे मान तुकविली नव्हती. त्यांची देवळे पाडली जात व ते ती पुन्हा उभारीत. अशा गावात १५८३ च्या जुलैत अक्वाविवांसह पाच जेझुइट क्रूस उभारण्यास व चर्चसाठी जागा निवडण्यास आले. त्यांतील काही जण पूर्वी देवळे पाडणाऱ्या सैन्याबरोबर गेलेले होते. गावाला समोर दिसले ते धर्मोपदेशक नव्हेत, तर त्या सैन्याचे सोबती. पाचही जेझुइट व त्यांच्यासोबतचे काही लोक तेथे मारले गेले.

येथे आपण आपल्या मनाशी प्रामाणिक असले पाहिजे. गावकरांच्या दुःखाची व संतापाची कारणे खरी होती. पण निःशस्त्र माणसाचा वध आपल्या कोणत्याही आचार्यांनी धर्म म्हणून सांगितलेला नाही. त्याचप्रमाणे पुढे जे घडले, त्याचेही समर्थन कोणताही ख्रिस्ती सज्जन करणार नाही. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले. ते सोळा जण होते व त्यांतील एकच निसटला, असे परंपरा सांगते. बाकीच्यांना ठार करण्यात आले. त्या दिवशी माणसांबरोबर 'बोलणी' या शब्दावरचा विश्वासही मारला गेला. तलवारीची हानी एका पिढीत भरून निघेल; शब्दाची हानी भरून यावयास पिढ्यान्पिढ्या लागतात.

त्याच शतकात पैठणास एकनाथमहाराजांनी 'हिंदु-तुर्क संवाद' रचला. त्यात दोघेही परस्परांना तिखट प्रश्न विचारतात, कोणी आपला आक्षेप लपवीत नाही, आणि अखेरीस दोघे एकमेकांस आलिंगन देतात. तेथे न्यायनिवाडा करणारा बादशहा नाही, की दाराशी शिपाई नाही. दोघेही एका पातळीवर उभे आहेत, म्हणूनच कठोर शब्दांनंतरही आलिंगन शक्य होते.

कुंकळ्ळीस ते आलिंगन वेगळ्या वाटेने आले. देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण तेव्हा पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या फातर्पे गावी हलविण्यात आली. मागे राहिलेल्यांपैकी अनेक घराणी कालांतराने ख्रिस्ती झाली. पण गावाचे बारा वांगड, म्हणजे मूळ गावकरांची बारा कुळे, धर्म बदलल्याने पुसली गेली नाहीत. दरवर्षी फाल्गुनात, शिमग्याच्या दिवसांत, देवी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. वांगडांच्या बारा रंगीबेरंगी छत्र्या नाचवीत मिरवणूक निघते, गुलाल उधळतो, आणि त्या सोहळ्यात हिंदू व ख्रिस्ती गावकर दोघेही मानाने सहभागी होतात. तेथे कोणी कोणाचे शास्त्र खोडीत नाही. मान आपला, म्हणून सेवाही आपली, एवढेच प्रत्येकास ठाऊक असते.

शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले असता मध्ये उभी राहून दोघांना शांत करणारी ती शांतादुर्गा, अशी गोमंतकातील श्रद्धा आहे. तिने कोणास जिंकविले नाही, कोणास हरविले नाही. ती मध्ये उभी राहिली. मठाच्या अंगणातही परधर्मीय शेजारी येतात, आपल्या सुखदुःखात सहभागी होतात. त्यांना आपण काय ऐकवितो, याहून त्यांचे आपण किती ऐकून घेतो व कोणते काम त्यांच्या खांद्याला खांदा लावून करतो, यावर उद्याचा सलोखा अवलंबून आहे. असोळण्यास मोडलेला शब्द फातर्प्याच्या वाटेवर दरवर्षी पुन्हा जोडला जातो. तो तसाच जोडीत राहण्याची बुद्धी श्रीगुरूंनी आपणां सर्वांस द्यावी, हीच या महोत्सवप्रसंगी त्यांच्या चरणी प्रार्थना.