‘अलाकाई’: वेगवान जहाज आणि टाळलेला अभ्यास

#थ्रेड

१/ २६ ऑगस्ट २००७. हवाईतील कवाई बेटाचे नाविलीविली बंदर. ‘अलाकाई’ हे सुमारे १०६ मीटर लांबीचे नवेकोरे जहाज कवाईच्या पहिल्याच फेरीवर बंदराच्या तोंडाशी खोळंबले होते. समोर पाण्यात माणसे होती: कुणी सर्फबोर्डवर, कुणी कयाकमध्ये, कुणी नुसतेच पोहत. त्या दिवशी जहाज उशिराने धक्क्याला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र ते प्रवाशांसह माघारी फिरले आणि कवाईला फेरी पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

२/ ‘अलाकाई’ हे कॅटमरान होते. हा शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे. या रचनेत पाण्यात उतरणारे अंग एक नसून दोन असतात. ती अरुंद असल्याने पाण्याचा अडथळा कमी होतो व वेग वाढतो. अलाबामातील ऑस्टल कारखान्यात अॅल्युमिनियमने बांधलेले हे जहाज ८६६ प्रवासी आणि २८२ मोटारी घेऊन ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावे. होनोलुलूहून माऊई अवघ्या तीन तासांवर आले.

३/ बेटाबेटांत विमानाखेरीज सोय नसलेल्या लोकांना याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. मग विरोध कशासाठी? हिवाळ्यात याच पाण्यात हंपबॅक देवमासे प्रजननासाठी येतात. शिवाय मोटारींबरोबर परके जीव बेटोबेटी पसरण्याची भीती होती. उंदरांवर उपाय म्हणून ऊसमळेवाल्यांनी १८८३ मध्ये हवाईत आणलेले मुंगूस स्थानिक पक्ष्यांच्या मुळावर उठले होते. कवाई त्यापासून बचावले होते.

४/ कळीचा मुद्दा मात्र कायद्याचा होता. २००५ मध्ये राज्याच्या वाहतूक खात्याने फेरीसाठीच्या बंदर सुधारणांना पर्यावरणीय अभ्यासातून सूट दिली. सिएरा क्लब व माऊईतील दोन संघटना न्यायालयात गेल्या. २३ ऑगस्ट २००७ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सूट चुकीची ठरवली. कंपनीने यावर काय करावे? २८ तारखेचा शुभारंभ दोन दिवस अलीकडे ओढला आणि तिकीट ठेवले ५ डॉलर! नाविलीविलीतील संतापाला ही पार्श्वभूमी होती.

५/ फेऱ्या थांबल्या. गव्हर्नर लिंडा लिंगल यांनी विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले. अभ्यास चालू असतानाच फेरी चालवण्याची मुभा देणारा कायदा नोव्हेंबरमध्ये झाला आणि १३ डिसेंबरपासून माऊईची फेरी पुन्हा सुरू झाली. पण १६ मार्च २००९ रोजी न्यायालयाने तो कायदाही घटनाबाह्य ठरवला, कारण तो प्रत्यक्षात एकाच कंपनीपुरता बेतलेला होता. तीन दिवसांनी ‘अलाकाई’ची हवाईतील शेवटची फेरी झाली. मे अखेर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

६/ ‘अलाकाई’ व तिचे भावंड ‘हुआकाई’ यांच्या बांधणीसाठीच्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या कर्जाला केंद्र सरकारची हमी होती, त्यामुळे दोन्ही जहाजे सरकारकडे गेली. २०१० च्या भूकंपानंतर ‘हुआकाई’ हैतीच्या मदतीला धावली. २०१२ मध्ये अमेरिकी नौदलाने दोन्ही जहाजे ३.५ कोटी डॉलरना घेतली. ‘अलाकाई’चे नाव ‘प्युर्टो रिको’ झाले. २०१६ पासून हेच जहाज भाड्याने घेऊन ‘द कॅट’ या नावाने अमेरिकेतील मेन राज्य व कॅनडातील यारमथ यांच्या दरम्यान चालवण्यात आले.

७/ थोडक्यात, जहाजात खोट नव्हती. दुसऱ्या समुद्रात तेच जहाज चालले. २००५ मध्येच अभ्यास हाती घेतला असता, तर २००७ पर्यंत तो बहुधा पूर्ण झाला असता. तेवढा वेळ वाचवण्यासाठी केलेली घाई दोनदा न्यायालयात हरली. म्हणूनच एखाद्या जहाजाचा इतिहास वाचताना त्याच्या वेगाइतकीच त्याला मिळालेल्या परवान्यांची कागदपत्रेही वाचावी लागतात. हवाईच्या बेटांदरम्यान मोटारीसह प्रवासी नेणारी फेरी त्यानंतर पुन्हा सुरू झालेली नाही.