अलाहाबादच्या अलीकडे

२० ऑक्टोबर १९३४, दुपारी १२
(वेळा आपल्या घड्याळाच्या.) इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलला सकाळचे साडेसहा झालेत. मेलबर्नपर्यंतच्या शर्यतीत वीस विमानं आहेत, बक्षीस दहा हजार पौंडांचं. पहिलं उडतं ते काळं-सोनेरी कॉमेट जातीचं विमान, ‘ब्लॅक मॅजिक’. आत एकामागे एक बसलेत नवरा-बायको: जिम मॉलिसन, वय २९, आणि एमी जॉन्सन, वय ३१.

लग्नाला दोन वर्षं झालीत. १९३२ मध्ये जिमने अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेला एकट्याने पार केला, आणि त्याच वर्षी एमीने केपटाउन गाठण्याचा नवऱ्याचाच विक्रम मोडला. वर्तमानपत्रं त्यांना ‘फ्लाइंग स्वीटहार्ट्स’ म्हणतात. त्यांचं प्रेम खरं होतं, चढाओढही तितकीच खरी. १९३३ मध्ये दोघं मिळून अमेरिकेला निघाले आणि पेट्रोल संपत आलेलं असताना ब्रिजपोर्टला विमान आपटून जखमी झाले. त्या अपघातानंतरही ते पुन्हा एकाच विमानात बसले, हे मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठं वाटतं.

मध्यरात्र उलटून पाऊण तास
बगदाद. वाटेत कुठेही न उतरता पावणेतेरा तासांत. सगळ्यांत पुढे.

२१ ऑक्टोबर, सकाळी १० च्या सुमारास
कराची. इंग्लंडहून हिंदुस्थानात बावीस तासांत! नवा विक्रम. मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक कराचीला थांबणारच नाहीत. त्यांचं लाल कॉमेट बगदादहून थेट अलाहाबादला जाणार आहे.

दिवस कराचीतच जातो
उड्डाण केल्यावर चाकं वर जात नाहीत. परत फिरावं लागतं, दुरुस्ती होते. मग कळतं की रात्रीच्या प्रवासासाठी जवळचा नकाशा चुकीचा आहे. कमावलेली आघाडी धावपट्टीवरच संपते.

रात्र
कराची ते अलाहाबाद म्हणजे जवळजवळ नाकासमोर पूर्वेला, सुमारे दीड हजार किलोमीटर. वाटेत याच रेषेवर झाशी. किल्ला, तट आणि तटाबाहेरची छावणी.

हा टापू एमीला नवा नाही. मे १९३० मध्ये ‘जेसन’ नावाच्या छोट्या मॉथ विमानातून ती एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली होती. तेव्हाही तिला अलाहाबादच गाठायचं होतं, पण पेट्रोल पुरेना. ती झाशीला वळली आणि छावणीच्या परेड ग्राउंडवर उतरली. सैनिकांची पळापळ झाली, विमानाच्या पंखाला मार बसला. तिथल्या एका सुताराने तो पंख नीट करून दिला आणि ती पुढे गेली. २४ मे रोजी डार्विनला पोचली तेव्हा एकटीने ऑस्ट्रेलिया गाठणारी ती पहिली स्त्री ठरली. मॉथ हे लाकडाचं आणि कापडाचं विमान, सुताराला समजेल असं. शिवाय एमी स्वतः परवानाधारक विमान मेकॅनिक होती.

कॉमेटही लाकडीच, पण त्याची इंजिनं शर्यतीसाठी मुद्दाम ताणलेली. आज झाशीची छावणी मदतीला येत नाही. वाट चुकून विमान दक्षिणेकडे सरकत जातं.

२२ ऑक्टोबर, पहाट
आपण कुठे आहोत हे पाहायला उतरतात तर ते जबलपूर! ठरलेल्या वाटेपासून अडीचशे किलोमीटर खाली. टाक्या भरायला हव्यात, आणि या इंजिनांना लागतं ते उच्च ऑक्टेनचं पेट्रोल गावात नाही. मिळतं ते स्थानिक बस कंपनीचं.

इथेच घात झाला. जास्त दाबाच्या इंजिनात हलकं पेट्रोल वेळेआधीच भडकतं. ठोके बसू लागतात, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतात. एमीला हे कळत नसेल असं मी मानायला तयार नाही. पण अलाहाबाद आता जेमतेम सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, आणि पुढचे थांबायला तयार नाहीत.

सकाळ
हवेत एक पिस्टन जाम होतो. तेलाची नळी फुटते. उरलेल्या एका इंजिनावर जिम विमान अलाहाबादपर्यंत नेतो. हे कौशल्य त्याचं, त्यात वाद नाही. पण जमिनीवर पाहणी होते तेव्हा इंजिनं कामातून गेलेली आहेत. शर्यत तिथेच संपते.

दुसऱ्या दिवशी स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक मेलबर्नला पोचले, एकूण ७१ तासांत.

या पराभवाला मी नशीब म्हणणार नाही. बगदादपर्यंत ही दोघंच सर्वांत वेगवान होती. हरवलं त्यांना कराचीतल्या नकाशाने आणि जबलपूरच्या पेट्रोलने. वेगाची तयारी केली होती, वाटेची केली नव्हती.

१९३६ मध्ये एमीने केपटाउनचा विक्रम पुन्हा एकटीने मिळवला. १९३८ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. ५ जानेवारी १९४१ रोजी युद्धकामासाठी विमान पोचवताना ती टेम्सच्या मुखाशी पाण्यात पडली. तिचा मृतदेह कधीच मिळाला नाही.