कानांनीं वाचलेली कादंबरी

गेल्या पावसाळ्यांत डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्यामुळें प्रस्तुत लेखकास कांहीं आठवडे अक्षर पाहण्याची बंदी होती. ज्याचा जन्म पुस्तकांच्या संगतींत गेला त्याला ही शिक्षा केवढी वाटली असेल हें वाचकांस सांगावयास नको. अखेर नातीस दया आली. तिनें आपला मोबाइल उशाशीं ठेवला आणि त्यांतून टोल्कीन यांची 'हॉबिट' ही अद्भुत कादंबरी सुरू करून दिली. एकोणीस प्रकरणें आणि सुमारें अकरा तासांचें वाचन. रोज रात्रीं एक-दोन प्रकरणें याप्रमाणें ती पंधरवड्यांत संपली. पुढें एका स्नेह्यांस हें उत्साहानें सांगतांच ते म्हणाले, “म्हणजे आपण ती वाचली नाहीं, ऐकली!” वाक्य खरें होतें, पण त्यांतील स्वर झोंबला. त्या स्वरास उत्तर शोधावें म्हणून या कादंबरीचा इतिहास पाहूं लागलों, तों असें दिसलें कीं, हें पुस्तक छापखान्यांत जाण्यापूर्वीं कित्येक वर्षें लोक तें ऐकतच होते.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्कीन हे १९२५ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठांत अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. १९३० च्या सुमारास परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एका विद्यार्थ्यानें कोरें सोडलेलें पान त्यांच्या हातीं लागलें. त्या पानावर त्यांनीं बिळांत राहणाऱ्या हॉबिट नांवाच्या कोणा प्राण्याविषयीं एक वाक्य लिहून टाकलें. हॉबिट म्हणजे काय, हें त्यांचें त्यांनाहि तेव्हां ठाऊक नव्हतें! त्या वाक्याची गोष्ट झाली ती घरांतल्या मुलांसाठीं. हिवाळ्याच्या संध्याकाळीं अभ्यासिकेंत मुलें भोंवतीं बसत आणि वडील गोष्ट सांगत. या श्रोत्यांत क्रिस्टोफर नांवाचा धाकटा मुलगा मोठा चिकित्सक होता. मागच्या खेपेस बिल्बोच्या घराचें दार निळें होतें, आज तें हिरवें कसें झालें? थॉरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, तो चंदेरी कसा झाला? असे प्रश्न त्यानें केले. वडील पुटपुटत उठले आणि टिपण करून ठेवण्यासाठीं मेजाकडे गेले. छापखान्यांतील मुद्रितशोधकाच्या कितीतरी आधीं या पुस्तकाचीं मुद्रितें एका बालकाच्या कानांनीं तपासलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुस्तक २१ सप्टेंबर १९३७ रोजीं लंडनच्या ॲलन अँड अन्विन यांनीं प्रसिद्ध केलें. प्रकाशकाच्या दहा वर्षांच्या मुलानें, रेनरनें, एक शिलिंग घेऊन हस्तलिखितावर अनुकूल अभिप्राय दिला होता. पहिली आवृत्ति १५०० प्रतींची होती, ती वर्ष सरण्यापूर्वींच संपली.

टोल्कीन यांचें शास्त्रच मुळीं कानाचें होतें. ज्या 'बेओवुल्फ' काव्यावर त्यांनीं १९३६ मध्यें आपलें प्रसिद्ध व्याख्यान दिलें, तें काव्य राजसभेंत म्हणून दाखविण्याच्या परंपरेंतलें. त्याचा पहिला शब्द म्हणजे 'ऐका' अशा अर्थाची हांकच आहे, असें परंपरेनें मानतात. वर्गांत शिरतांच टोल्कीन तो शब्द मोठ्यानें गर्जत, अशी त्यांच्या विद्यार्थ्यांची आठवण आहे. पण मौज अशी कीं, हेच गृहस्थ एरव्हीं फार भरभर आणि अस्पष्ट बोलत. सी. एस. लुइस यांच्या खोलींत 'इंक्लिंग्ज' या मित्रमंडळाची बैठक भरे. तेथें 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पुढच्या कादंबरीचीं नवीं प्रकरणें वाचलीं जात. पण पुढें पुढें वाचण्याचें काम बापाकडून मुलाकडे गेलें. क्रिस्टोफर अधिक चांगलें वाचतो, असें सर्वांचें मत पडलें होतें.

आतां यंत्राकडे वळूं. एडिसननें १८७७ मध्यें फोनोग्राफ तयार केला. त्याचे उपयोग सांगतांना दुसऱ्याच वर्षीं त्यानें अंधांना विनासायास ऐकतां येतील अशा पुस्तकांचा उल्लेख केला होता. तथापि दोन-चार मिनिटांत संपणाऱ्या नळीवर किंवा तबकडीवर कादंबरी मावणार कशी? ती सोय होण्यास महायुद्धांतील आंधळ्या सैनिकांची गरज कारण झाली. इयन फ्रेझर हा तरुण अधिकारी १९१६ च्या सोमच्या लढाईंत गोळी लागून दृष्टीस मुकला. पुढें तो युद्धांत अंध झालेल्या सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि बोलत्या पुस्तकांसाठीं त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली. मिनिटास चोवीस फेरे घेणारी, एका बाजूस सुमारें पंचवीस मिनिटें वाजणारी तबकडी तयार झाली, आणि १९३५ मध्यें इंग्लंडांत अंधांसाठीं बोलतें ग्रंथालय सुरू झालें. पहिल्या पुस्तकांत आगाथा ख्रिस्ती यांची 'रॉजर ॲक्रॉइड' आणि कॉनरॅडची 'टायफून' हीं होतीं. त्याच सोमच्या रणांत, त्याच वर्षीं, टोल्कीनहि लढत होते. खंदकज्वरानें आजारी पडून ते परत आले. एका खंदकांतून बोलतें पुस्तक निघालें आणि दुसऱ्यांतून त्यांत वाचली जाणारी गोष्ट निघाली, असें म्हणण्याचा मोह होतो. मात्र दोघांची कधीं भेट झाली होती असें सुचविण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं.

टोल्कीन आणि यंत्र यांची गांठ पडली ती १९५२ च्या ऑगस्टमध्यें. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहून पुरी होऊन तीन वर्षें होत आलीं होतीं; दोन प्रकाशकांशीं झालेलीं बोलणीं फिसकटलीं होतीं. साठीचा हा लेखक खिन्न होऊन माल्व्हर्न येथें जॉर्ज सेयर या शिक्षक मित्राकडे राहावयास गेला. सेयर यांच्याकडे ध्वनिमुद्रणाचें टेप-यंत्र होतें. त्यांत सैतान दडला असेल तर तो पळावा म्हणून टोल्कीन यांनीं प्रथम गॉथिक या मृत भाषेंत प्रभूची प्रार्थना म्हणून घेतली! थट्टा खरी, पण ती त्यांच्या स्वभावास शोभणारी होती. नंतर त्यांनीं आपल्या कादंबऱ्यांतले उतारे वाचले आणि स्वतःचा आवाज यंत्रांतून परत ऐकला. जसजसें ते ऐकत गेले तसतसा त्यांचा आत्मविश्वास वाढत गेला, असें सेयर यांनीं नमूद केलें आहे. लेखकाला आपलें पुस्तक चांगलें आहे हें आपल्याच कानांनीं पटावें, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. कादंबरी पुढें १९५४-५५ मध्यें तीन खंडांत निघाली. तीं मुद्रणें मात्र टोल्कीन यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९७५ मध्यें, न्यूयॉर्कच्या कॅडमन कंपनीनें तबकड्यांवर प्रसिद्ध केलीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९७४ मध्यें निकोल विल्यमसन या नटानें 'हॉबिट'चें संक्षिप्त वाचन केलें. त्यांत 'तो म्हणाला' हे शब्द ठिकठिकाणीं गाळून केवळ आवाजानें पात्रें वेगळीं केलीं. १९९१ चें रॉब इंग्लिस यांचें समग्र वाचन आम्हीं ऐकलें. त्यांतील गाणीं ते खरोखर गातात. चित्रपटांत गॉलमचें काम करणाऱ्या अँडी सर्किस यांनीं ८ मे २०२० रोजीं, करोनाच्या टाळेबंदींत, धर्मादाय मदतीसाठीं ही सारी कादंबरी एका बैठकींत जगासमोर वाचली. चातुर्मासांत 'हरिविजया'चे अध्याय ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीस त्यांत नवल वाटलें नाहीं.

स्नेह्यांच्या बाजूनेंहि थोडें बोललें पाहिजे. ऐकण्यांत तोटा आहेच. पुस्तकांतील नकाशे आणि रूनलिपीचीं अक्षरें कानास दिसत नाहींत. तेरा खुज्यांचीं नांवें एकमेकांत मिसळतात, आणि मागचें पान उलटून पाहण्याची सोय नसते. शिवाय पात्राचा आवाज कसा असावा हें वाचणारा नट ठरवितो. तो आवाज एकदां कानांत बसला कीं आपल्या कल्पनेचा आवाज परत येत नाहीं.

पण पांचवें प्रकरण पाहा. डोंगराखालच्या भुयारांत बिल्बो वाट चुकला आहे. काळोख एवढा कीं स्वतःचा हात दिसूं नये. गॉलमचे फिकट डोळे तेवढे लुकलुकतात. बाकी सारें आवाजावर चालतें. फुसकारा ऐकूं येतो, प्रश्न येतो, उत्तर जातें, आणि हरला तर प्राण जावयाचा. प्रथमावृत्तींत हा गॉलम पैजेला आंगठी लावणारा, बराचसा सरळ प्राणी होता. पुढच्या कादंबरीशीं मेळ बसावा म्हणून १९५१ च्या आवृत्तींत टोल्कीन यांनीं प्रकरण पुन्हां लिहिलें. माल्व्हर्नला यंत्रापुढें त्यांनीं 'हॉबिट'मधून वाचलें तें हेंच. हें प्रकरण पूर्वीं आम्ही दिव्याच्या उजेडांत दोनदां तरी वाचलें होतें. या खेपेस डोळ्यांवर पट्टी होती, बाहेर पाऊस पडत होता, आणि बिल्बोला जेवढें दिसत होतें त्याहून अधिक आम्हांसहि दिसत नव्हतें. कोड्याचें उत्तर ठाऊक असूनहि छाती धडधडत होती.

चिकित्सक क्रिस्टोफर वडिलांचीं हस्तलिखितें संपादन करण्यांत हयात घालवून २०२० च्या जानेवारींत पंचाण्णवाव्या वर्षीं वारला. त्याचा निळ्या दाराचा प्रश्न मात्र पुस्तकांत कायमचा सुटला आहे. पहिल्याच प्रकरणांत इंग्लिस यांनीं दाराचा रंग हिरवा वाचला, तेव्हां नात म्हणाली, “आजोबा, हंसलांत कां?”